चढावर पाय टेकला तेव्हा

बाळांनो, तुमच्या आईकडे जो फोटो आला आहे त्यात हेल्मेट घातलेली अठरा-वीस माणसं रस्त्यावर सायकली धरून उभी आहेत आणि मध्ये कठड्यावर फेटा बांधलेले एक आजोबा बसले आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, बक्षीस देणारे तेच का? थोरलीने विचारलं, आजी शेवटची आली हे खरं का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं फोनवर नीट देता येईनात, कारण मध्येच तुमची शाळेची बस आली. म्हणून लिहून पाठवते आहे. गोष्ट ताजी आहे तोवर लिहिली म्हणजे मी तिच्यात पदरचं काही घालणार नाही. तुमची आई वाचून दाखवेल. तिने काही गाळायचं नाही. तिच्याबद्दलचं तर मुळीच नाही.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. हो, मी शेवटची आले.

गेल्या पावसाळ्यात मी कालव्याच्या रस्त्यावर सायकलवरून घसरले आणि उजवं मनगट मुरगळलं हे तुम्हाला माहीत आहे. पट्टा तीन आठवडे होता. तेव्हापासून तुमची आई रोज फोनवर एकच विषय काढायची. मी एकोणसत्तर वर्षांची आहे, घरात एकटी आहे, पडले तर उचलायला कोण येणार, सायकल देऊन टाक. तिचं चुकत नव्हतं. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी मुलांना सांगत आले की समोरच्याचा मुद्दा आधी मान्य करावा, मग आपला मांडावा. मी तिचा मुद्दा मान्य केला. मग सांगितलं की भंडारदऱ्याला शनिवार-रविवार दोन दिवसांचं सायकलिंगचं शिबिर आहे, डोंगरात, चढ कसा चढायचा आणि उतार कसा उतरायचा हे तिथे शिकवतात, आणि मी नाव दिलं आहे.

मग ती म्हणाली, "शिबिराच्या मागे टेम्पो असतो ना, दमलेल्यांना उचलायला?"

असतो, मी म्हटलं.

"मग ठरलं. तू एकदा जरी त्या टेम्पोत बसलीस तर सायकल द्यायची. नाही बसलीस तर मी परत हा विषय काढणार नाही."

मी ते तारखेसह वहीत लिहून ठेवलं आणि तिला वाचून दाखवलं. ती हसली. मी हसले नाही, कारण राहुरीच्या आसपास चढ नावाला नाही. कालव्याच्या कडेचा रस्ता ताटासारखा सपाट आहे. धरणाच्या भिंतीकडे जाताना एक चढण लागते, तिच्यावर मी महिनाभर रोज पहाटे चार फेऱ्या मारल्या. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचे ड्रायव्हर मला ओळखायला लागले आणि हॉर्न वाजवायचे बंद झाले. एवढीच माझी तयारी.

शिबिरात आम्ही एकोणीस जण होतो, नगर, संगमनेर, नाशिक, पुण्याकडचे. माझ्यानंतरचं सगळ्यांत मोठं वय बेचाळीस. शिकवणारी मुलगी सव्वीस-सत्तावीसची, शर्यतीत उतरलेली, आवाज खणखणीत. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही म्हटलं. तिला ते अवघड गेलं. मला काय म्हणावं हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने 'मॅडम आजी' असा तोडगा काढला आणि दुपारपर्यंत सगळं शिबिर मला तेच म्हणू लागलं. टेम्पोचा चालक जवळच्याच अकोल्याचा होता, पन्नाशीचा, मिशीवाला. त्याने पहिल्याच चहाला मला सांगून टाकलं, "आजी, पुढची सीट तुमच्यासाठी पुसून ठेवलीय. लाजायचं न्हाई." मी त्याला वहीतला करार सांगितला. तो गंभीर झाला. म्हणाला, मग मी तुमच्या मागंच ऱ्हातो, पर दार उघडत न्हाई.

शनिवारी मैदानावर धडे झाले. गिअर कधी बदलायचा, उतारावर दोन्ही ब्रेक कसे थोडे थोडे दाबायचे. हे सगळं मला जमलं. जमलं नाही ते एकच, चढावर थांबलेली सायकल पुन्हा सुरू करणं. ताईने दाखवलं ते असं: सायकल रस्त्याला आडवी धरायची, डोंगराकडचा पाय जमिनीवर, दुसऱ्या बाजूचं पेडल वर आणून ठेवायचं, एकदा जोर देऊन रस्ता आडवा कापायचा आणि चाक फिरलं की मगच हँडल हळूहळू चढाकडे वळवायचं. मी आठ वेळा केलं. आठही वेळा माझं हँडल चाकाआधी वळलं. दोनदा गवतात बसले. शेजारी भात कापणाऱ्या बायका विळे हातात धरून पाहत होत्या, त्यातल्या एकीने विचारलं की ह्या बाईला घरी कुणी न्हाई का.

ताईने मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं की उद्याच्या चढावर वेग कितीही कमी असू दे, थांबायचं नाही. "तुम्ही पाय टेकला तर तिथंच राहाल, मॅडम आजी." जेवायला तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं होतं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि नऊला झोपले.

आता मध्ये थोडं जुनं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी तुमच्याएवढी होते तेव्हा आमच्या गावात सातवीच्या पुढे शाळा नव्हती. राहुरीला जावं लागे, सहा मैल. वडिलांनी माझ्यासाठी सायकल आणली. गावातली सायकलवर बसणारी मी पहिली मुलगी. माझे आजोबा नाही म्हणाले नाहीत, पण त्यांनी एक अट घातली. वाटेत तीन पार लागत, आमच्या गावचा आणि मधल्या दोन गावांचे. झाडाभोवती बांधलेल्या त्या ओट्यांवर म्हातारी माणसं बसलेली असत. वडीलधारं माणूस बसलेलं दिसलं की उतरायचं, सायकल हातात धरून चालत पुढे जायचं, आणि त्यांच्या नजरेआड गेल्यावरच परत बसायचं. मुलगेही उतरत, पण ते पार मागे पडला की लगेच टांग टाकत. मला वळणापर्यंत चालावं लागे. मी चार वर्षं रोज सहा वेळा उतरले. राग यायचा. पण उतरले नसते तर सायकल गेली असती, आणि सायकल गेली असती तर शाळा, कॉलेज, नोकरी यांपैकी काही झालं नसतं. तेव्हा उतरणं पायात इतकं बसलं की पुढे ते मी करते आहे हे मला कळतही नसे.

रविवारी सकाळी सातला निघालो. धरणाच्या कडेने घाटघरच्या दिशेला रस्ता जातो. डावीकडे पाणी, उजवीकडे डोंगर, खाचरांत कापलेल्या भाताचे भारे. सपाटीवर मी सगळ्यांच्या बरोबरीने होते. चढ सुरू झाला आणि एकेक करून सगळे पुढे गेले. पुण्याचे दोन तरुण मात्र सुरुवातीलाच जोरात सुटले आणि दुसऱ्या वळणावर रस्त्याच्या कडेला आडवे झालेले दिसले. त्यांच्या सायकली फार भारी होत्या. टेम्पो त्यांच्यासाठी थांबला. थोड्या वेळाने तो पुन्हा माझ्या मागे आला तेव्हा त्या सायकली वर बांधलेल्या होत्या आणि पुसून ठेवलेल्या पुढच्या सीटवर दोघं दाटीवाटीने बसले होते.

मी सर्वांत हलक्या गिअरवर होते. चालणाऱ्या माणसाचा वेग माझ्यापेक्षा जास्त भरला असता. श्वास मोजत होते, चार आत, चार बाहेर. शेवटचं मोठं वळण दिसलं, त्याच्या वर माथा. मनगट दुखत नव्हतं. मी मनात म्हटलं, झालंच.

आणि वळणाआधी रस्त्याच्या कठड्यावर ते आजोबा बसले होते. खाली त्यांची दोन गुरं चरत होती, हातात काठी. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी उतरले.

विचार करून नव्हे. पाय टेकल्यावरच मला कळलं की मी काय केलं आहे. चाक थांबलं होतं, सायकल मागे ओढत होती, मी दोन्ही ब्रेक दाबून उभी होते. मागे टेम्पो थांबला. चालक खाली उतरून आला आणि हळूच म्हणाला, "काय झालं आजी? चांगल्या चालल्या हुत्या की."

आजोबांनी विचारलं, "का गं उतरली?"

मी म्हटलं, तुम्ही बसला होतात म्हणून.

मी घाम पुसायला हेल्मेट काढलं आणि माझे पांढरे केस पाहून ते म्हणाले, "आगं, तू तर म्हातारी हायेस." टेम्पोतल्या दोघांना हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं कुठली, मी सांगितलं राहुरीकडची. ते म्हणाले की त्यांच्याकडेही असंच होतं, तेही थोरांपुढे बैलगाडीतून उतरत. आता पोरं मोटारसायकलवरून धुरळा उडवत जातात, आणि आपल्यापुढे शेवटचं कोण उतरलं होतं ते आजोबांना आठवत नव्हतं.

चालकाला कराराची माझ्याइतकीच काळजी होती. त्याने आजोबांना सगळं सांगितलं, मुलगी परदेशात, टेम्पोत बसलं की सायकल जाणार, चढावर सायकल सुरू करता येत नाही. मग मला म्हणाला, चालत वर जा, चालणं म्हणजे टेम्पोत बसणं न्हाई. त्याचं बरोबर होतं. मी वहीत लिहिलेलं वाक्य आठवून पाहिलं, त्यात चालण्याबद्दल काही नव्हतं. आणि पायांची सवयही तीच सांगत होती की नजरेआड होईपर्यंत चालायचं. वळण शंभर पावलांवर होतं. तिथपर्यंत चालत गेले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं, तुमच्या आईनेही नाही. पण मी शिबिराला आले होते ती चढ चढायला.

मी आजोबांकडे पाहिलं. का पाहिलं ते मला आता कळतं, तेव्हा कळलं नव्हतं.

ते कठड्यावरून उठले, काठी टेकत रस्त्याच्या मध्ये आले आणि वरून येणारी गाडी अडवायला उभे राहिले. म्हणाले, "बस सायकलीवर. माझ्यासमोर बस. मी सांगतोय."

हे वाक्य ऐकायला मला पन्नास-पंचावन्न वर्षं लागली. माझ्या आजोबांनी ते कधी म्हटलं नाही, म्हणण्याची रीतही नव्हती.

चालकाने टेम्पो खाली आडवा लावून रस्ता अडवला. मी सायकल आडवी धरली. डोंगराकडचा पाय जमिनीवर, दुसरं पेडल वर. पहिल्यांदा हँडल वळलं आणि पाय टेकावा लागला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी हँडलकडे पाहिलंच नाही, समोरच्या कठड्याकडे पाहिलं आणि जोर दिला. चाक फिरलं. रस्ता आडवा कापला, मग हळूहळू वर वळले. आजोबा बाजूला झाले. त्यांच्यासमोरून मी सायकलवर बसूनच गेले.

माथ्यावर ताईसकट सतरा जणांची न्याहारी संपत आली होती. चालकाने टेम्पोतून उतरायच्या आधीच ओरडून सांगितलं की मॅडम आजी बसल्या न्हाईत, हे दोघं साक्षीदार हायेत. त्या दोघांनी निमूटपणे मान हलवली. ताईला मी सांगितलं की पाय टेकला होता. तिने विचारलं, मग सुरू कशी केली? मी म्हटलं, तुम्ही शिकवली तशी. ती माझ्यासाठी राखून ठेवलेले पोहे घेऊन आली. मला अभिमान वाटला, आणि तो लपवायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

परतताना उतार होता. त्याच वळणावर आजोबा तसेच बसले होते. मी ब्रेक दाबून उतरले, या वेळी जाणूनबुजून. मागून ताई उतरली. तिच्या मागच्यांना वाटलं पुढे पंक्चर झालं, म्हणून तेही उतरले, आणि बघता बघता सगळं शिबिर सायकली धरून त्यांच्यासमोर उभं राहिलं. आजोबांनी फेटा नीट केला. पंक्चरचं त्यांना कोणी सांगितलं नाही, तुम्हीही कधी भेटलात तर सांगू नका. टेम्पोच्या चालकाने तेव्हा फोटो काढला. तोच तुमच्या आईकडे आला आहे. तेव्हा नाही, ते बक्षीस देणारे नाहीत. किंवा आहेत, तुम्हीच ठरवा.

तुमच्या आईने शब्द पाळला. शिबिरानंतर तिने हा विषय काढलेला नाही, फक्त नवीन हेल्मेट पाठवलं आहे.

गेल्या आठवड्यात मी सायकलवरून आमच्या जुन्या गावी गेले. शाळेच्या वाटेवरच्या तीन पारांपैकी दोन रस्ता रुंद करताना गेले. आमच्या गावचा पार आहे. त्यावर कोणी बसलेलं नव्हतं, एकाने शेजारच्या खांबावरच्या बोर्डाला मोबाईल चार्जिंगला लावून ठेवला होता. मी उतरले, वळणापर्यंत चालत गेले आणि मग बसले. सायकल व्हरांड्यात आहे, आणि पायांची सवयही आहे.