दोघांचा एक पत्ता

ग्लेनिस नॅनकिव्हेल सकाळचा चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसली, तर सगळ्यात वर वेंडाचं पत्र. ‘क्लेम, पुन्हा बंद पडलं. सवडीनं ये, घाई नाही. वेंडा.’

पूर्वी या बाईची पत्रं ‘प्रिय दोघांना’ अशी सुरू व्हायची. मग कधीतरी ‘प्रिय क्लेम’ झालं. आता नुसतं ‘क्लेम’. ‘प्रिय’ गळालं हेच ग्लेनिसला जास्त खुपलं. ‘प्रिय’ लिहितात ते परक्याला.

नवरा-बायकोचा ई-मेलचा पत्ता एकच होता, दोघांची नावं जोडून केलेला, क्लेमअँडग्लेन. पोर्ट हॅलम या समुद्रकाठच्या छोट्या गावात त्यांच्या वयाच्या बहुतेक जोडप्यांचा तसाच असे. घराबाहेर टपालपेटी एक, तसा हाही पत्ता एक. पत्रं वाचायची ग्लेनिस, उत्तरं लिहायची ग्लेनिस, आणि खाली सही दोघांची. क्लेमनं जन्मात स्वतः एक ई-मेल लिहिली नव्हती. दुसऱ्याची बिघडलेली चालू करून द्यायला मात्र तो एका पायावर तयार.

“क्लेम, बोलावणं आलंय तुला.”

“कुणाचं?”

“कुणाचं म्हणजे? गावात एकच कॉम्प्युटर सारखा आजारी असतो.”

“अरेरे. परत पडलं का?” क्लेम स्वयंपाकघरातून टोस्ट खात खात आला.

“मला एक सांग. हिचा मेलचा प्रोग्राम बंद पडलाय ना? मग बंद पडल्याचं पत्र कुठून आलं?”

“टॅबवरून. मुलीनं घेऊन दिलाय तिला.”

“मग टॅबवरच वाचावं की सगळं.”

“कर्टची जुनी पत्रं नाहीत गं त्यात. ती सगळी त्या कॉम्प्युटरवर आहेत.”

एवढं बोलून तो आत गेला आणि बाहेर आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. दाढीही केलेली. घरची पन्हळ साफ करताना जो शर्ट चालायचा, तो वेंडाच्या कॉम्प्युटरला चालत नव्हता. ग्लेनिसनं बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवून चहा संपवला. चहा केव्हाच गार झाला होता.

वेंडा आणि तिचा नवरा कर्ट हाइनरिख निवृत्त झाल्यावर बरोसाच्या द्राक्षमळ्यांकडून इथे समुद्रकाठी राहायला आले होते. कर्टला जुन्या ट्रॅक्टरांचं वेड. शेडमध्ये गंजलेले ट्रॅक्टर आणून तो ते पुन्हा चालते करायचा. गेल्या हिवाळ्यात तो गेला. तेव्हा ग्लेनिसनंच सगळ्यांत आधी डबा नेऊन दिला होता, वेंडाला जवळ घेऊन तीही रडली होती. तेव्हा वेंडाबद्दल तिच्या मनात काही नव्हतं. ते आलं नंतर, या मेलच्या प्रोग्रामच्या वाटेनं.

ग्लेनिसचा जन्म याच गावातला. वडील धक्क्यावर बार्लीची पोती जहाजात चढवायचे. शाळा सुटल्यावर ती पोस्टाच्या मागच्या खोलीत टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर बसली. पंचक्रोशीतला प्रत्येक फोन तिच्या हातून जोडला जायचा. कोण कुणाशी किती बोलतं, कोण कुठल्या नावाला आवाज खाली आणतं, सगळं तिला ठाऊक. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही ही नोकरीची अट होती, आणि ती तिनं इमानानं पाळली. कानांना मात्र तिनं कधी अडवलं नाही.

मग आपोआप फोन जोडणारी यंत्रं आली आणि ग्लेनिसचा बोर्ड काढून न्यायला टेलिफोन खात्याच्या गाडीतून एक तरुण आला. क्लेम नॅनकिव्हेल. तो बोर्डाखाली उताणा पडून तारा सोडवायचा आणि वर बसलेली ग्लेनिस कुठली तार कुठल्या शेतावर जाते ते सांगायची. बोर्ड गेला, नोकरी गेली, क्लेम राहिला. “खात्यानं बोर्ड नेला आणि मोबदल्यात हा दिला,” असं ती पुढे वर्षानुवर्षं सांगायची आणि लोक हसायचे.

एक गोष्ट ती सांगत नसे. पहिले काही दिवस क्लेमनं तिच्याकडे धड बघितलंही नव्हतं. त्याचा जीव आधी बोर्डावर जडला आणि मग बोर्डापुढे बसलेल्या पोरीवर. त्याचा हा क्रम तिला माहीत होता. म्हणूनच वेंडाच्या घरी नुसती वेंडा असती तर ती निर्धास्त राहिली असती. तिथे बिघडलेलं यंत्र होतं आणि यंत्रापुढे बाई बसलेली होती.

शनिवारी बोल्सच्या क्लबात, पांढऱ्या टोप्या घालून हिरवळीवर गोळे घरंगळवताना, लॉर्ना पास्को म्हणाली, “ग्लेन, माझा टोस्टरपण कुरकुरतोय. क्लेमला पाठवतेस का? मी केस सेट करून बसते.”

“पाठवते की,” ग्लेनिस म्हणाली. “पण तो जेवायला घरी येतो, तेवढं लक्षात ठेव.”

“वेंडाकडून येतो का जेवायला?”

सगळ्या हसल्या. ग्लेनिसही हसली आणि तिचा गोळा सरळ जाऊन हिरवळीच्या कडेच्या चरात पडला.

त्याच शनिवारी क्लेम वेंडाकडून आला तो हातात जर्मन केक घेऊन. वर लोणी-साखरेचा भुरभुरीत थर, अजून कोमट. म्हणजे तो जाण्याआधीच भट्टीत गेला असणार. येणार हे धरूनच चाललेलं सगळं.

“झालं का चालू?” ग्लेनिसनं विचारलं.

“झालं. आधी त्याला जोडलेले बाकीचे छोटे प्रोग्राम, ते सगळे जोड बंद करून नुसता प्रोग्राम चालू केला. मग पत्रांची सूची असते ना, ती पुसून टाकली. ती तो परत नव्यानं बनवतो. मग चालतो.”

“आणि मग परत पडतो.”

“तीन-चार दिवसांनी पडतो.”

“का पडतो?”

क्लेम केक कापत होता. “पेटी फार भरलीय,” एवढंच म्हणाला.

“मग रिकामी का नाही करत?”

“करेल तिची ती.”

“तू चाळीस वर्षं खात्यात काढलीस. एकच तार दर आठवड्याला तुटली असती तर तू दर आठवड्याला जाऊन नुसती गाठ मारून आला असतास?”

“खा ना. छान झालाय.”

ग्लेनिसनं खाल्ला. छान झाला होता. त्यानं तिचं डोकं अजूनच फिरलं.

पुढचं पत्र आलं त्या दिवशी भरतीची वेळ चांगली होती आणि क्लेम खेकड्यांची जाळी घेऊन धक्क्यावर गेला होता. ‘क्लेम, पडलं. वेंडा.’ आता ‘सवडीनं’सुद्धा नाही. ग्लेनिसनं पत्र दोनदा वाचलं, भट्टीतल्या मांस-बटाट्याच्या पेस्ट्यांपैकी चार फडक्यात बांधल्या आणि निघाली. काय करायचं ते वाटेत तिनं ठरवलं. मूळ दुखणं काय ते शोधायचं, तिथेच उपटायचं, आणि क्लेमच्या इस्त्रीच्या शर्टाचं कारणच संपवायचं.

दार उघडताना वेंडाच्या तोंडावर हसू होतं. ग्लेनिसला बघून ते गेलं नाही, पण जागच्या जागी थबकलं.

“क्लेम खेकड्यांना गेलाय,” ग्लेनिस म्हणाली. “म्हटलं मी बघते. बोल्स क्लबची सगळी मेल मीच सांभाळते, मला कळतं थोडंफार.”

“ये ना, ये. हे काय आणलंस?”

“पेस्ट्या.”

वेंडानं तिथेच एक मोडून खाल्ली. “मस्त आहे गं. थोडं गाजर असतं तर बहार आली असती.”

नॅनकिव्हेलांच्या घरात पेस्टीत बटाटा, सलगम, कांदा आणि मांस. गाजर घालणाऱ्या सुनेशी सासूनं वर्षभर अबोला धरल्याची गोष्ट त्या घरात आजही सांगतात. ग्लेनिस फक्त म्हणाली, “कॉम्प्युटर कुठाय?”

कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता. समोर दोन खुर्च्या. एक कर्टची, चामड्याची, बसून बसून खोलगट झालेली. शेजारी स्वयंपाकघरातली लाकडी. चामड्याच्या खुर्चीच्या पाठीला क्लेमचा चष्मा पुसायचा रुमाल लटकत होता. ग्लेनिस त्याच खुर्चीत बसली.

प्रोग्राम सुरू केला. खिडकी उघडली, पत्रांची नावं दिसायला लागली, मग सगळं फिकट पडलं, वरचं वर्तुळ गरगर फिरत राहिलं आणि खिडकीच नाहीशी झाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तिनं क्लेमनं सांगितल्याप्रमाणे जोड बंद करून सुरू केला. तेव्हा कुठे पेटी उघडली.

पेटीत ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. देशभरातली जुन्या ट्रॅक्टरवाल्यांची मंडळी एकमेकांना पत्रं पाठवत होती. गिअरचे फोटो, चाकांचे फोटो, रंग उडालेल्या पाट्यांचे फोटो. कर्टनं वर्षानुवर्षं एकही काढून टाकलं नव्हतं, आणि कर्ट गेल्यावरही ती येतच होती. कर्टअँडवेंडा या पत्त्यावर आजसुद्धा सकाळपासून ढीग पडला होता.

“हे थांबवायला हवं,” ग्लेनिस म्हणाली. “यानंच जीव जातोय त्याचा.”

“क्लेमनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तसं.”

ग्लेनिसचा हात माऊसवर तसाच राहिला. “पहिल्या दिवशी?”

“हो. मीच नको म्हटलं. त्यातल्या काहींना कर्ट गेल्याचंही माहीत नाही गं. कुणी विचारतं, कर्ट, तुझ्या त्या पंपाचं काय झालं? वाटतं, कुणाला तरी अजून वाटतंय की तो शेडमध्ये आहे.” वेंडानं पेस्टीचा चुरा हातातच गोळा केला. “क्लेम चालू करून देतो, मग पडेपर्यंत आम्ही थोडी वाचतो. म्हणजे तो वाचतो. मला त्या ट्रॅक्टरांतलं ओ की ठो कळत नाही, पण तो वाचतो छान. मोठ्यानं, सावकाश. आवाजसुद्धा काढून दाखवतो, इंजिनाचे.”

ग्लेनिसनं माऊस सोडला. तिच्या घरी क्लेमनं कधी विजेचं बिल मोठ्यानं वाचून दाखवलं नव्हतं. क्लेम इंजिनाचे आवाज काढतो हे तिला आज, दुसऱ्या बाईच्या मागच्या खोलीत बसून कळत होतं. वेंडानं त्याचा हात धरला असं कुणी सांगितलं असतं तर एक भांडण करून ती मोकळी झाली असती. यावर काय भांडणार? दुःखी बाईला नवऱ्यानं पत्र वाचून दाखवलं म्हणून?

“तुला सांगायला नको म्हटलं होतं मी त्याला,” वेंडा म्हणाली. “लोक म्हणतील, वेडी झाली म्हातारी. तू रागावू नकोस.”

“रागवायचं काय त्यात,” ग्लेनिस म्हणाली, आणि आपला आवाज इतका गोड ऐकू आल्यावर तिलाच कसंतरी झालं. “वेंडा, ऐक. यातलं काही पुसायचं नाही. ही पेटी आहे तशी वेगळी काढून ठेवू, कॉम्प्युटरवरच राहील, हवी तेव्हा उघड. फक्त नवीन पत्रं तिच्यात येणार नाहीत. आणि तुला नवा पत्ता काढू. फक्त तुझा.”

“माझा एकटीचा?”

“हो. तुझ्या नावाचा.”

 बाहेर उत्तरेच्या वाळवंटाकडून येणारा गरम वारा पत्र्याच्या कुंपणावर वाळू मारत होता. ग्लेनिसला आतून पुरतं ठाऊक होतं की आपण हे वेंडासाठी करत नाही आहोत. कळत असूनही ती थांबली नाही. एखाद्याचं भलं करताना आपलं इतकं साधतंय, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदाच अनुभवलं.

“त्यांना कळवावं लागेल ना मग,” वेंडा अखेर म्हणाली. “तो गेला म्हणून.”

“मी लिहिते. तू सांग.”

वेंडानं सांगितलं आणि ग्लेनिसनं लिहिलं. चार ओळींतच वेंडा रडायला लागली. ग्लेनिसनं तिच्या पाठीवर हात ठेवला. रुमाल हवा होता. जवळ क्लेमचा होता, पण तो तिनं आपल्या पर्समध्ये टाकला आणि वेंडाला स्वयंपाकघरातून कागदी आणून दिला.

दुसऱ्या आठवड्यात नव्या पत्त्यावरून पत्र आलं. ‘प्रिय ग्लेन, एकदाही पडलं नाही. तुझे उपकार. रविवारी ये, केक करते. वेंडा.’ क्लेमचं नाव कुठेच नव्हतं. ग्लेनिसनं ते मोठ्यानं वाचलं.

“बरं झालं,” क्लेम म्हणाला.

तो खरंच तसं म्हणाला, आणि पन्हळ साफ करायला गेला. पण पुढचे काही दिवस तो घरात उगाच फिरत होता. रेडिओवर क्रिकेट लावायचा आणि ऐकायचा नाही. शिडी लावायचा, परत काढायचा. ग्लेनिस भांडी घासताना त्याच्याकडे बघत होती. त्याला नक्की काय आठवतंय? ट्रॅक्टर, की वाचणं, की ऐकणारी? विचारलं तर तो म्हणणार, काही नाही. आणि कुणास ठाऊक, खरंच काही नसेलही.

“काही वाच ना मला,” एकदा दुपारी ती म्हणाली.

“काय वाचू?”

“काहीही. हे, बोल्स क्लबचं पत्रक.”

क्लेमनं चष्मा लावला, पत्रक वर-खाली बघितलं. “शनिवारी दोन संघ. तू लॉर्नाकडे आहेस.” त्यानं पत्रक परत दिलं. “तूच लिहिलंयस की हे.”

मग त्या रविवारी, ती वेंडाकडे जायला निघण्याआधी, तो कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. “ग्लेन, मलाही एक काढून देशील का? वेगळा पत्ता.”

“तुला? कशाला?”

“त्या ट्रॅक्टरवाल्यांत नाव घालावं म्हणतो. आपल्या पेटीत नको, तुझी पेटी भरेल उगाच. वेंडाचं काय झालं ते बघितलंस ना.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा चेहरा नेहमीचाच, सरळ, थोडा ओशाळलेला. त्यातून काही काढता येईना. ‘नाही’ म्हणायला तिच्याजवळ एकही कारण नव्हतं. जी होती ती तिनंच वेंडाच्या खोलीत बसून मोडीत काढली होती. एकटीचा पत्ता किती चांगला, किती सोयीचा, हे तीच सांगून आली होती.

“बस,” ती म्हणाली आणि शेजारी खुर्ची ओढली.

तो बसला. खांद्याला खांदा लागला. नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं तिनं भरलं. क्लेमनॅनकिव्हेल. नुसतं तेवढंच किती अपुरं दिसत होतं. मग पासवर्डची चौकट आली.

“हा तुझा तू घाल,” ती म्हणाली आणि उठून खिडकीशी गेली.

“बघत नाहीयेस ना?”

“नाही.”

तो एकेका बोटानं अक्षरं शोधत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. टक. बाहेर कपड्यांच्या दोरीवर त्याचा इस्त्रीचा शर्ट वाळत होता.

“काहीतरी सोपं ठेव,” ती त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली. “नाहीतर विसरशील.”

“नाही विसरणार,” क्लेम म्हणाला.

वेंडाकडे केक खाताना, घरी परतताना, नंतर बटाटे सोलताना ग्लेनिस एकेक शब्द मनात घालून बघत होती. असा कुठला शब्द असेल, जो हा विसरणार नाही?