उंदराची तहान आणि खापराचे मांडे

माझी पदवी एका पांढऱ्या उंदराच्या तहानेवर टांगलेली होती. पाच वर्षं! तेवढ्यात प्रयोगाचे तीन उंदीर म्हातारे होऊन वारले, चौथा आला, पण माझा प्रबंध काही संपेना.

विषय साधा होता. भुकेल्या उंदराला दर मिनिटाला एकच दाणा द्यायचा. मधल्या वेळात तो तहान नसताना बाटलीला तोंड लावतो आणि पाणी पीत सुटतो. तेच खाणं एकदम पुढ्यात टाकलं, तर घोटभर पिऊन गप्प बसतो. (लोकांची मुलं दुबईला जात होती, मी जळगावात उंदराचं पाणी मोजत होतो.)

धुळ्याहून माझे मार्गदर्शक प्रयोग बघायला येणार होते. "या खेपेला हे पिणं दिसलं नाही, तर मुदतवाढीवर माझी सही विसरा," असं त्यांनी बजावलं होतं. कॉलेजला सुट्टी, म्हणून पिंजरा घरी आणलेला. नेमके त्याच सकाळी पारोळ्याहून सासरे हजर! आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला लेकीला माहेरी न्यायला.

"जवाईबापू, हाऊ उंदीर पानी पीपीसन फुगी जाई!"

"आबा, त्याला तहान नाही. दाणे थांबून थांबून मिळतात म्हणून पितो."

"उपाशी शे बिचारा!"

"उपाशीच ठेवायचाय!"

मी आंघोळीला गेलो, ही माझी चूक. बाहेर आलो तर सर दारात आणि उंदीर पोट वर करून आडवा. पिंजऱ्यावरचं यंत्र टक् करून दाणा टाकत होतं. उंदीर एक डोळा उघडून पुन्हा मिटत होता. बाटलीला तर त्याने पाठच फिरवली होती.

"माले दया उनी," आबा म्हणाले. "शेंगदाना दिधात मूठभर. बठ्ठा खाई ग्या!"

"हा उंदीर आहे की जावई?" सरांनी विचारलं.

बायकोनं सरांना आग्रहानं जेवायला बसवलं. दोन पाहुण्यांसाठी चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर पुरणाचे मांडे चालले होते. खापर एक, जेवणारे तिघं. मोठा मांडा हातावर वाढवायचा, खापरावर टाकायचा, भाजला की तिघांना तुकडा तुकडा. मग पुढचा होईपर्यंत ताटाकडे बघत बसायचं.

मी तांब्या उचलला. तुकडा आला, खाल्ला, पुन्हा तांब्या. बायको आतून ओरडली, "अहो, पाणी पिऊनच पोट भरणार का?"

"फार तहान लागली?" सर माझ्याकडे रोखून बघत होते.

"नाही सर. सहज."

बोलून गेलो आणि तांब्या तोंडाशीच थांबला. सरांनी खरकटा हात तसाच ठेवून डाव्या हातानं नोंदवही ओढली. माझे तीन तांबे त्यांनी मोजले होते! 'उंदीर क्रमांक चार'च्या खाली त्यांनी लिहिलं, 'उंदीर क्रमांक पाच : प्रयोग यशस्वी', आणि मुदतवाढीच्या कागदावर सही ठोकली.

पहिल्याच फटक्यात पास झालो अशी आयुष्यातली ही माझी एकमेव परीक्षा, आणि तीही उंदराची.