सरदाराचे डोळे

परवा मुलाच्या दुबई मरीनातल्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगच्या ओल्या प्लास्टरचा वास आला आणि मी थेट नव्वदच्या दशकातल्या, दुबईच्याच अल कुसैस भागातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये जाऊन पडलो.

तिथे आम्ही एका हॉटेलच्या रेस्टॉरंटसाठी जुनं इंग्लिश चर्च बनवत होतो. दगड सातशे वर्षं पावसात भिजलेला दिसला पाहिजे, आणि दगड कसला, वरून प्लास्टर फासलेला थर्माकोल! टोकदार कमानी मी एका हाताने उचलायचो. बाप्तिस्म्याच्या कुंडात म्हणे सॅलड ठेवणार. मधोमध थडगं आणि त्यावर हात जोडून उताणा पडलेला चिलखती सरदार. तो घडवला पेणच्या नानांनी. गणपती करणारे नाना, ते डोळे आखल्याशिवाय मूर्ती सोडतात होय? मेलेल्या सरदाराला त्यांनी चांगले टपोरे, जागे डोळे आखले.

फोटोपलीकडे काही न कळणारा गोरा डिझायनर भडकला; त्याच्या फोटोतल्या सरदाराचे डोळे कोरे होते. मॅनेजर म्हणाला, "नाना, डोळे पुसा. नाहीतर व्हिसा कॅन्सल, यल्ला घरी!"

"आखलेले डोळे पुसत नसतात साहेब. काढा तिकीट."

तेव्हा गोराच पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून थडग्यावर वाकला. सरदाराने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की भर जूनमध्ये वर्कशॉपला हुडहुडी भरली. ब्रश हातातच वाळला.

"राहू द्या," तो पुटपुटला. नानांचं घरी जाणं टळलं.

"घाबरलं माकड," मी म्हणालो.

"नाही रे, कळलं त्याला," नाना म्हणाले.

तेव्हा मी खो खो हसलो होतो. आता वाटतं, नानांचं खरं असेलही. पण मला विचाराल, तर घाबरलंच!