ब्राऊनवरचे पाय

“हे पाय कुणाचे?”

सेक्रेटरी साहेबांनी काठीचं टोक वाळूवर टेकवून विचारलं. वाळूत पाच बोटं उमटली होती. लहान, अनवाणी. साहेबांचा चेंडू सरळ भोकाकडे चालला होता, तो माझ्या टाचेच्या खळग्यात अडकून वाकडा गेला. मी तेव्हा अकरा वर्षांची. खांद्यावर त्यांच्याच काठ्यांची थैली.

“माझे,” मी म्हटलं.

“पूस. फ्रॉकनं पूस.”

मी गुडघ्यावर बसले आणि शाळेच्या फ्रॉकनं माझेच पाय पुसले. बाकीचे तीन साहेब सिगारेट ओढत थांबले होते. त्यांच्या खिळ्यांच्या बुटांनी त्याच वाळूला शंभर भोकं पाडलेली. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला मात्र तिथं चप्पल घालायलाही बंदी होती. चपलेनं म्हणे वाळू खराब होते.

भुसावळला रेल्वेच्या साहेब लोकांचा एक क्लब होता आणि क्लबाचं नऊ भोकांचं गोल्फचं मैदान. गोरे गेले, खेळ ठेवून गेले. आमच्या उन्हात गवत कुठं तग धरणार? म्हणून भोकाभोवती हिरवळीऐवजी इंजिनाचं जळकं तेल कालवलेली वाळू. तिला ते ‘ब्राऊन’ म्हणत. तिच्यावर पाय उमटतो. म्हणून खेळणारे पुढं गेले की मागून गोणपाट ओढून ती सारखी करायची. हे काम आबांचं, म्हणजे माझ्या बापाचं, आणि शाळा नसली की माझं. आबा मूळचे दोंडाईच्याकडचे, क्लबात माळी होते.

थैलीनं माझे दोन्ही हात अडकलेले असत. आबांनीच तोड काढली.

“कंबरले बांध दोरी. हात मोकळा ऱ्हातस.”

पुढं मी, मागं गोणपाट. माझे पाय माझ्याच मागं पुसले जायचे. मला तेव्हा ती सोय वाटली होती. आज सांगताना लाज वाटते, पण वाटली होती.

फ्रॉकवरचा तेलाचा डाग काही गेला नाही. वर्षभर तोच घालून शाळेत गेले. दुसरा नव्हता.

मैदानाच्या कुंपणाला लागून एक रिटायर इंजिन ड्रायव्हर राहायचे. अँग्लो-इंडियन म्हातारा. आम्ही त्यांना डायवर अंकल म्हणायचो. साहेबांच्या मोडक्या काठ्या ते दुरुस्त करत. त्यातलीच एक कापून त्यांनी माझ्या उंचीची करून दिली. भर दुपारी साहेब जेवून झोपलेले असत, तेव्हा मैदान माझं. कुठल्या ब्राऊनचा उतार कुठं, तेल कुठं जास्त, चेंडू कुठं फसवतो, हे माझ्या पायांना कळायचं. रोज पुसत होते ना.

एकदा अंकलनी जुन्या इंग्रजी मासिकातला फोटो दाखवला. घोट्यापर्यंत घागरा घातलेली एक गोरी बाई, खांद्यावर काठी.

“ये बाई पगार घेऊन हा खेळ शिकवत होती, बेटी. इंग्लंडमध्ये पहिलीच. क्लबवाले तिला पण बाहेरच उभं करत. तरी पुरुषांच्या मॅचमध्ये उतरली.”

तिचं नाव मला नीट म्हणता यायचं नाही. पण तो कागद मी मागून घेतला आणि पत्र्याच्या पेटीत ठेवला. या खेळावर बाई पोट भरू शकते, एवढंच मला त्यातून कळलं. तेवढं पुरे होतं. क्लबाच्या भिंतीवर जिंकणाऱ्यांच्या नावांचा लाकडी फलक होता, सोनेरी अक्षरांचा. त्यावर माझं नाव यावं असं तेव्हापासून वाटायला लागलं. मनातल्या मनात. बोलले असते तर आबांनी मुस्काट फोडलं असतं.

सोळाव्या वर्षी चौदा एप्रिलच्या सभेला वस्तीत बसले होते. जळगावहून आलेले वक्ते सांगत होते, आपल्या पूर्वजांच्या कमरेला झाडू बांधत, त्यांची पावलं रस्त्यावर राहू नयेत म्हणून. बाया हळहळल्या. माझा हात कमरेवर गेला. दोरीचा वळ होता तिथं. सकाळचाच. त्या दिवसापासून दोरी कमरेला बांधली नाही. गोणपाट मात्र हातानं ओढत राहिले. तेवढीच अक्कल होती म्हणा, किंवा तेवढंच धाडस.

मी वीस वर्षांची असताना साहेबांच्या बायकांना खेळ शिकायची हौस आली. साहेब लोक शिकवताना खेकसत. मग मला बोलावलं. दोन वर्षं मी त्यांना शिकवलं. कंबर कशी वळवायची, नजर कुठं ठेवायची, सगळं. पगार मिळायचा. पण क्लबात शिरायचं मुदपाकखान्याच्या दारानं आणि पाणी प्यायचं बागेच्या नळाचं. नावानं कुणी हाक मारली नाही. “ए ब्राऊनवाली.”

मग बायकांची स्पर्धा निघाली. सकाळी एक बाई आजारी पडली, जोडी जमेना. सेक्रेटरी साहेबांनी मला फटके मांडायचं कार्ड दिलं. हे साहेब नवे होते. बदलीची नोकरी, माणसं बदलत. आवाज तोच असायचा. कार्डावर माझं नाव मी स्वतः लिहिलं, वळणदार. या खेळात ज्याचे फटके कमी, तो जिंकतो. संध्याकाळी कार्डं जुळवली तर माझे सगळ्यात कमी. दुसऱ्या नंबरापेक्षा अकरानं.

साहेबांनी कप दुसऱ्या नंबराच्या बाईंना दिला. त्याही माझ्याच हाताखाली शिकलेल्या. माझ्याकडं न बघता त्यांनी तो घेतला.

“साहेब, माझे फटके कमी आहेत.”

“तू पगारी आहेस. पगारी माणूस धरत नाहीत. नियम आहे.”

“मग सकाळी कार्ड का दिलंत?”

“एक बाई कमी पडत होती.”

गरज सरो, वैद्य मरो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, “इंग्लंडातली पहिली बाई पण पगारीच होती.” कुणीतरी हसलं. साहेबांनी माझं कार्ड दुमडून खिशात घातलं आणि म्हणाले, “उद्या मोठे साहेब खेळणार आहेत. नववा ब्राऊन पुसून ठेव.”

“नाही पुसणार.”

इतकंच बोलले. मान वर करून.

साहेबांनी आबांकडं पाहिलं. कडेला उभे असलेले आबा पुढं आले. गोणपाट उचललं, दोरी स्वतःच्या कमरेला बांधली आणि नवव्या ब्राऊनकडं निघाले. मी मागं धावले. वाळूवर सगळ्यांचे पाय होते, बुटांचे खिळे आणि त्यांत माझी पाच-पाच बोटं, भोकापर्यंत गेलेली. माझा बाप कमरेला दोरी बांधून ती पुसायला निघाला होता. माझ्यासाठी. माझी रोजी वाचावी म्हणून. त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

मी गोणपाटावर पाय देऊन उभी राहिले. दोरी ताणली. आबा थांबले.

“पाय काढ, माय. आपली रोजी शे ती.”

“नाही काढत, आबा. आधी दोरी सोडा.”

पाठमोऱ्यानंच त्यांनी कमरेची दोरी चाचपली. मग गाठ सोडली आणि घरी निघून गेले. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. नोकरी दोघांचीही गेली. आबा आज रावेरला केळीच्या ट्रकवर घड चढवतात, या वयात. ते माझ्यामुळं, हे मला ठाऊक आहे. वस्तीतले अजून टोमणे मारतात, साहेबांशी भांडून काय मिळवलं म्हणून.

खेळाच्या मोठ्या संस्थेला मी दोनदा अर्ज पाठवला, पगारी खेळाडू म्हणून नोंद करा असा. दोन्ही परत आले. क्लबाची शिफारस नाही म्हणे. तिसरा आता लिहून झालाय. धंदा या रकान्यात लिहिलंय, गोल्फ. हाही परत येईल कदाचित. मग चौथा लिहीन.

त्या फलकावर माझं नाव नाही, आणि ते कोरा म्हणून कुणापुढं हात पसरणार नाही. पण जिथं पाय टाकीन तिथला ठसा मी पुसणार नाही. आणि माझ्या बापालाही पुसू देणार नाही.