यादीतला एकोणिसावा मुद्दा

बाईंनी भरलेला दुसऱ्या फेरीचा कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. नियमाने तो फाईलमध्ये हवा. त्यावर नाव नाही, फक्त सात नंबर. पण ते अक्षर मी झोपेतसुद्धा ओळखेन. खेडजवळच्या उपकेंद्रात बाई सिस्टर होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. नोकरीची पहिली चार वर्षं मी त्याच अक्षरातली रजिस्टरं पुढे लिहीत होते.

नंतर मी नर्सिंग शिकवायला लागले आणि संशोधनाच्या नादी लागले. मुलं मुंबईला आणि घरी एकटं म्हातारं माणूस, अशा घरी नर्स गेली की तिने काय काय बघावं, याची यादी करायची होती. त्यासाठी डेल्फी पद्धत घेतली. बारा जाणकारांना प्रश्नावली पाठवायची, कोणाला कोणाचं नाव कळू द्यायचं नाही. प्रत्येक मुद्द्याला एक ते नऊ गुण. ज्याचे गुण इतरांहून फार वेगळे, त्याने कारण लिहायचं. ते कारण नाव न सांगता सगळ्यांना पाठवायचं आणि पुन्हा गुण मागायचे. तिसऱ्या फेरीअखेर निदान नऊ जणांनी उचलून धरला तर मुद्दा यादीत, नाहीतर बाहेर. समोरासमोर बसवलं की मोठ्या डॉक्टरांपुढे नर्स तोंड उघडत नाही, म्हणून हा खटाटोप. बाई तेव्हा निवृत्त होऊन पोफळीला एकट्याच राहत होत्या. बारांत त्यांनाही घेतलं. पद्धत समजावली तर हसल्या. "म्हणजे गावकीच, पण तोंडं न दाखवता."

पहिल्या फेरीत सगळ्यांनी रक्तदाब, साखर, गोळ्या असलं सुचवलं. सात नंबरने एकोणिसावा मुद्दा घातला: काम संपल्यावर दहा मिनिटं नुसतं बसावं. दुसऱ्या फेरीत बाकीच्यांनी त्याला दोन-तीन गुण दिले, बाईंनी नऊ. कारणाच्या रकान्यात एकच ओळ: माणूस खरं काय ते आपण उठायला लागलो की बोलतं.

ते वाचून मला उपकेंद्रातल्या दुपारी आठवल्या. बाई पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यापर्यंत जायच्या आणि परत ओटीवर टेकायच्या. मी चुळबुळत उभी. मग म्हातारी हळूच सांगायची की दोन दिवस चूल पेटली नाही. त्या दुपारी मला परत हव्यात. तेव्हा मात्र माझा सगळा जीव चारच्या एसटीत अडकलेला असायचा.

तिसऱ्या फेरीचे अकरा लिफाफे आले, बाईंचा येईना. अहवालाची तारीख डोक्यावर. मी खेडच्या डेपोतून फोन लावला आणि जे बोलू नये ते बोलून गेले. "बाकी सगळे एका बाजूला आहेत बाई. एकोणिसाव्याला एकच उत्तर वेगळं पडलंय." मी दुसऱ्या फेरीवरूनच बोलत होते. लिफाफे अजून फोडलेही नव्हते.

बाई म्हणाल्या, "पाचामुखी परमेश्वर. माझ्यापायी तुझं काम अडायला नको गो." मी हुश्श केलं. ठेवते म्हटलं, तशा त्या म्हणाल्या, "आणि ऐक ना..."

"एसटी लागली बाई, मग करते," म्हणून मी फोन ठेवला.

आठवड्याने त्यांचा कागद आला. आधी लिहिलेले नऊ खोडून दोन केलेले. मग मी बाकीचे लिफाफे फोडले. ती एक ओळ वाचून आठ जणांनी आपले गुण वाढवून मुद्दा उचलून धरला होता. मुद्दा एका मताने पडला, आणि ते मत बाईंचंच होतं. माझ्या चुकीबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. बाईंना फोन करायची तर लाज वाटली. आज करते, उद्या करते, असं करता करता यादी छापून आली, अठरा मुद्द्यांची.

गणपतीत पोफळीहून निरोप आला की बाई गेल्या. घरी एकट्याच होत्या.

पंधरा दिवस आधी आमच्याच शिकाऊ मुलींपैकी एकजण ती यादी घेऊन त्यांच्याकडे जाऊन आली होती. वीस मिनिटांत काम उरकलं, बाईंनी चहा विचारला होता पण उशीर होत होता, असं तिने सांगितलं. तिने भरलेला कागद मी मागून घेतला आणि पुन्हा पुन्हा वाचला. अठराही रकाने नीट भरलेले आहेत. 'आणि ऐक ना'च्या पुढचं त्यात कुठेच नाही.