मास्तराच्या मागं पाच जण

ह्या प्रश्नाला मी बेजार झालोय. लग्नात कुणीतरी चहाचा कप हातात देतं आणि विचारतं, "तीस वर्षं तेच सहा जण? भांडणं न्हाई होत का?" होतात ना! ढोलवाला आणि मी एकदा किनवटपासून चाकूरपर्यंत टेम्पोत पाठीला पाठ लावून आलो, एक शब्द बोललो नाही. कारण काय, तर त्यानं माझ्या वाटणीची भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी एका लग्नाची सुपारी होती. वाजवायला उभं राहिलं की रुसवा धरता येत नाही, ताल चुकतो. आमचं टिकणं हे एवढंच.

सहा जण म्हणजे ट्रम्पेटवर मास्तर, क्लॅरनेटवर मी, ढोलवाला, युफोनियम आणि ताशावर दोघं भाऊ आणि एक खुळखुळेवाला. आमच्यात गाण्याचं नाव कुणी घेत नाही. मास्तर ट्रम्पेट उचलतो, डावं कोपर जरासं बाहेर काढतो आणि पहिला सूर लावतो. दुसऱ्या सुरावर आम्ही पाचही जण आत. त्याचा सूर एकटा पडू द्यायचा नाही, एवढा एकच नियम. तो कुणी घातला, कधी घातला, मला आठवत नाही. नवे बँडवाले गाण्यांची यादी मोबाइलमध्ये घेऊन येतात. त्यांना आम्ही लई हसायचो.

आता हसायचंही त्राण राहिलं नाही. आमची लग्नसराई म्हणजे भर उन्हाळा. अंगात जाड लाल कोट, पायाखाली तापलेलं डांबर, मागं कुठंतरी डीजेचा दणका. मला वरची कवळी बसवलीय. क्लॅरनेट वरच्या दातांवर टेकवून फुंकावं लागतं, आणि कवळीवर टेकवलं की ती टाळूत रुतते. तीन गाणी झाली की तोंडाला रक्ताची चव येते. ढोलवाल्याचे गुडघे गेलेत. पण बोलायचं कुणी? मी मनाशी म्हणायचो, आपण सोडलं तर ह्यांचं काय होईल? नवा माणूस ह्यांच्यात बसायचा नाही. म्हणून ओढत होतो.

ह्या उन्हाळ्यात जळकोटला लग्न होतं. नवरदेव घोड्यावर बसला, परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडं निघाला. पोरं नाचायच्या तयारीत. मास्तरानं कोपर काढलं, सूर लावला. ती चाल लग्नाची नव्हतीच. आमच्या भागात लिंगायत घरातलं पिकलं माणूस गेलं की त्याला बसवून, फुलांनी सजवून, वाजतगाजत नेतात. तेव्हा वाजवायची ती चाल. संथ, खालच्या पट्टीतली.

मला कळलं. ढोलवाल्यालाही कळलं, त्यानं डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं. सगळ्यांना कळलं होतं. आणि दुसऱ्या सुरावर आम्ही पाचही जण आत शिरलो. आता बोला! दुसऱ्या कुठल्याही बँडवाल्यानं वाद्य उचललं नसतं. मास्तर एकटाच वाजवत राहिला असता तर लोकांना वाटलं असतं, सूर जुळवून राहिलाय म्हातारा. पण आम्ही ती चूक सहा जणांनी मिळून, ताल धरून, झकास वाजवली. खऱ्या मयतीलाही आम्ही ती कधी इतकी चांगली वाजवली नसेल.

नवरदेवाची आत्या ओरडली, "अगं बाई, ही तर आमच्या मामंजींना नेलं तवाची!" बायका जागच्या जागी थांबल्या. नवरदेवाचा मामा पायातली चप्पल काढून धावत आला. "लग्न हाय का मयत? आँ? माझ्या भाच्याला पोचवायला आलात व्हय?" मास्तर डोळे मिटून वाजवतच होता. मी त्याच्या कोपराला हात लावला तेव्हा थांबला. भोवती बघितलं, तोंड उतरलं.

"काय वाजवलं रे मी?" त्यानं विचारलं.

"आपण," मी म्हणालो.

हातापाया पडलो, दोन उडती गाणी वाजवली, वेळ निभावली. मामानं नंतर आम्हाला पंगतीला बसवलं, माणूस वाईट नव्हता. पण मास्तर जेवला नाही.

मास्तराला थांबवायला हवं होतं. आज चप्पल नुसती उगारली, उद्या कुणी मारेल. ज्या माणसाला चाकूरपासून नांदेडपर्यंत लोक मास्तर म्हणतात, त्याची इज्जत अशी रस्त्यावर जायची? पण त्याला सांगणं म्हणजे बँड बंद करणं, आणि त्याच्या तोंडावर 'तुझं डोकं चालत न्हाई' म्हणायची माझी छाती नव्हती. चार दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. बायको म्हणाली, "कवळी आधी काढून ठेवा, मग चावा आमाला."

तिच्या ह्या टोमण्यानंच मला वाट सापडली. आळ आपल्यावर घ्यायचा. सकाळीच मास्तराच्या घरी गेलो. ओट्यावर बसून तो चिंचेनं ट्रम्पेट घासत होता. मी म्हणालो, "मास्तर, माझ्याच्यानं आता होत न्हाई. कवळी लई टोचते. मी सोडून राहिलो." वाटलं, आता शिव्या खाव्या लागतील.

त्यानं चिंच खाली ठेवली. "खरंच सोडतोस?"

"हाव."

"मग मीबी सोडतो गड्या." त्यानं हुश्श केलं. "चार वर्षं झाली, फुंकलं की छातीत कळ येते. बायको रोज डोकं खाते, बास करा म्हणून. मी म्हणलं, मी थांबलो तर ही पाच माणसं कुठं जातील? तुला तर क्लॅरनेटबिगर करमत न्हाई."

"मला?" मी ओरडलोच. "अरं मायला, तुझ्यापायी मी टाळू सोलून घेतली!"

मग आम्ही दोघं हसलो, त्याला खोकला येईपर्यंत हसलो. नंतर तो हळूच म्हणाला, "जळकोटला तू तरी थांबायचंस." मी म्हणालो, "तुला एकटा पाडून?" त्यानं चिंच उचलली आणि पुन्हा ट्रम्पेट घासायला लागला.

संध्याकाळी वाद्यांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. मास्तरानं आमचा निर्णय सांगितला. ढोलवाला लगेच म्हणाला, "बरं झालं बाबा. लेक नांदेडला राहायला बोलवून राहिली, मीच कसं म्हणू म्हणून गप होतो." भावांतला थोरला म्हणाला, "आमी दोघं दोन उन्हाळे तुमच्या तोंडाकडं बघून राहिलो, कधी बंद म्हणता म्हणून." खुळखुळेवाला तर म्हणाला, "खरं सांगू का, मला हे काम कधी आवडलंच न्हाई."

मला संताप आला. सहाच्या सहा जण एकमेकांसाठी खामखा मरत होतो, आणि लोक वर आम्हाला शाबासकी देत होते! पण भांडायचं तरी कुणाशी? मास्तराची इज्जत राहिली होती. मला पाहिजे तसंच सगळं झालं होतं.

कोट बोचक्यात बांधले. सगळे चपला घालून बाहेर अंगणात आले. कुलूप लावायचं काम माझ्याकडं आलं. किल्ली लगेच फिरली, तरी मी उगाच कुलपाशी झटत राहिलो. वाटत होतं, ह्यांच्यातल्या एकानं तरी म्हणावं, 'थांब, अजून एक उन्हाळा काढू.' कुणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही.