हाय तिथनं

"इचार रं. कायबी इचार."

सकाळी वडगाव सोडून आम्ही लष्कराच्या कॅम्पाच्या रस्त्याला लागलो की अण्णांचं हे सुरू व्हायचं. बोलताना उजव्या हाताचा तळवा पुढे धरायचे, मी त्यावर प्रसादाची खडीसाखर ठेवणार असल्यासारखा. परीक्षेला घाबरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण पन्नाशी उलटलेला, नातवंडांचा धनी असलेला विणकर भल्या सकाळी गोल्फच्या नियमांची उजळणी करत चाललाय, असं दृश्य काही तुमच्या वाट्याला आलं नसेल. माझ्या आलं, आणि त्या माणसानं माझं डोकं पार उठवलं.

दिवस लढाईचे होते. सूत मिळेनासं झालं आणि आमच्याकडचे निम्मे माग थंड पडले. अण्णांच्या मागाच्या खड्ड्यात तर वैनींनी कोंबडी अंड्यांवर बसवली होती. मी शेजारचाच, माझाही माग बंद. मग दोघांनी कॅम्पातल्या मैदानावर साहेबलोकांच्या गोल्फच्या काठ्यांची पिशवी वाहायचं काम धरलं. या कामाला कॅडी म्हणत. कॅडीला नंबर कोरलेला पितळी बिल्ला मिळायचा. छातीवर बिल्ला असला तर आत घ्यायचे, नसला तर फाटकाबाहेर बसायचं. अण्णांच्या घरी तेव्हा चूल पेटायची ती या बिल्ल्यावर.

अण्णांचा साहेब ठरलेला होता. लष्करी दवाखान्यातला म्हातारा डॉक्टर, गोल पोटाचा, मनानं मऊ, आणि खेळात अगदी यथातथा. पण नशीब बघा! चेंडू झुडपात जाऊ दे, गाडीच्या चाकोरीत जाऊ दे, डॉक्टरसाहेब धापा टाकत पोचेपर्यंत तो छान हिरवळीवर येऊन बसलेला असायचा. साहेब खूश व्हायचे आणि अण्णांच्या खांद्यावर थाप मारून म्हणायचे, तू आलास की माझं नशीब उघडतं.

हे नशीब अण्णांच्या पायात होतं, हे आम्हा सगळ्या कॅडींना ठाऊक होतं. जन्मभर मागाच्या खड्ड्यात बसून ज्यानं पायाखालच्या पट्ट्या दाबल्या, त्याची ती अनवाणी पावलं. अण्णा सगळ्यांच्या आधी चेंडूपाशी पोचायचे, उभं राहून आभाळाकडं बघायचे, कान खाजवायचे. तेवढ्यात खाली अंगठा आणि त्याशेजारचं बोट मिळून चेंडू उचलून बाजूच्या गवतावर ठेवायची. मी एकदा छेडलं, तर खरोखर रागावले. "मी हात लावला का? बघितलास का तू?" आणि मला वाटतं, ते खोटं बोलत नव्हते. विणताना नजर साडीच्या काठावर असते, पाय काय करतात ते कोण बघतो?

मग मैदानाच्या कारभारावर एक नवा साहेब आला. फौजी, कडक, मिशीचा एक केस इकडचा तिकडं होऊ न देणारा. त्यानं आल्या आल्या हुकूम काढला, की सगळ्या कॅडींची नियमांची तोंडी परीक्षा होणार आणि जो नापास होईल त्याचा बिल्ला काढून घेणार. आम्ही बाकीचे हसलो. अण्णांची झोप उडाली.

त्या दिवसापासून ते दिसेल त्याला प्रश्न विचारायला लावू लागले. मला, पानवाल्याला, देवळातल्या गुरवालासुद्धा. वैनींना तर भाकरी थापता थापता विचारावं लागायचं, की चेंडू हरवला तर किती वेळ शोधायचा. अण्णा ताठ बसून सांगायचे, पाच मिनटं. वैनी पीठ झटकत म्हणायच्या, घरातली किल्ली हरवली तर एवढा वेळबी हुडकत न्हाईत, आनि त्या मेल्या चेंडूला पाच मिनटं! कावळ्यानं चेंडू पळवला तर दुसरा घ्यायचा, वाळूच्या खड्ड्यात काठी टेकवायची नाही, सगळं त्यांना तोंडपाठ झालं. तरी हात ओला असायचा. तो पुढे धरलेला तळवा सकाळच्या गारव्यातही घामानं चमकायचा, ते बघून मला हसूही यायचं आणि कीवही.

एक नियम मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. कॅडीनं चेंडू हलवला तर दंड बसतो साहेबाच्या खेळाला. वाटेतलं शहापूर येईपर्यंत तेच चालायचं. "चूक आमची आनि दंड त्येंला? ह्यो कसला कायदा रं?" मी म्हणायचो, अण्णा, कायदा समजून घेऊ नका, नुसता पाठ करा.

परीक्षा मैदानाच्या कडेला झाडाखाली झाली. नवा साहेब खुर्चीत, आम्ही रांगेत. डॉक्टरसाहेब मुद्दाम आले होते, आपला माणूस पास होताना बघायला. अण्णांची पाळी आली तेव्हा मीच मनातल्या मनात उजळणी करायला लागलो. पण अण्णांनी एकामागून एक उत्तरं दिली, न अडखळता. डॉक्टरसाहेब तर प्रत्येक उत्तराला मान डोलावत होते.

तेवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! नवा साहेब उठला. गवळ्यांच्या म्हशी मैदानावरून जायच्या, त्यांच्या खुरांचे खड्डे जागोजागी होते. त्यानं एका खुराच्या खड्ड्यात चेंडू ठेवला, अण्णांना त्याच्याशेजारी उभं केलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, की तुझ्या साहेबाचा चेंडू असा पडलाय, आता काय करायचं?

अण्णा ताठ उभे राहिले. नजर साहेबाच्या तोंडावर. "साब, हाय तिथनं मारायचा. कुनी हलवायचा न्हाय."

उत्तर बिनचूक होतं. पण ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत डावा पाय हलला होता. चेंडू खड्ड्यातून निघून गवतावर नीट बसला होता.

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी रांग हसत सुटली. नवा साहेबही हसला. हसले नाहीत ते डॉक्टरसाहेब. त्यांनी चेंडूकडं पाहिलं, अण्णांच्या पायाकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. आपलं नशीब कुठं राहत होतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

अण्णांना मात्र काहीच कळलं नव्हतं. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "चुकलं काय रं?"

मी त्यांच्या पायाकडं बोट केलं. खाली बघून ते नुसते उभे राहिले, शेजाऱ्याच्या पोरानं खोडी करावी आणि बोलणी आपण खावी, तसे.

बिल्ला तिथल्या तिथं काढून घेतला. डॉक्टरसाहेब नव्या साहेबाशी इंग्रजीत बराच वेळ बोलले, हातवारे केले, पण तो बधला नाही. परतीच्या वाटेवर अण्णांनी हात पुढे केला नाही. शहापुराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "डाक्टरसायबाला लई वाईट वाटलं असंल."

त्यानंतर डॉक्टरसाहेबांची पिशवी माझ्याकडं आली. चेंडू आता जिथं पडेल तिथं राहायचा आणि साहेब रोज हरायचे. मारण्याआधी एकदा माझ्या पायांकडं बघायचे. मी पाय जुळवून उभा राहायचो. अण्णा, ज्यांचे माग चालू होते त्यांच्या घरी सुताच्या कांड्या भरायला जाऊ लागले. एके काळी ज्याच्या साडीचा काठ बघायला लोक थांबत, तो बायकापोरांत बसून कांड्या भरायचा. मला ते बघवत नसे.

थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. छातीत कफ भरला होता. डॉक्टरसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी माझ्याजवळ औषधाची बाटली दिली. बाटली बघून अण्णांनी पहिल्यांदा विचारलं ते, सायेब रागात हाईत का? मी नाही म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावरचा केवढा तरी ताण उतरला. मग गोधडीतून हात बाहेर आला.

"इचार रं."

माझ्या तोंडून नेमका तोच प्रश्न गेला. अण्णा, चेंडू खुराच्या खड्ड्यात पडलाय.

"हाय तिथनं मारायचा," ते म्हणाले, आणि गोधडीखाली डाव्या पायाचा अंगठा हलला. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. बरोबर, म्हटलं, पास. आणि माझ्या सदऱ्याचा बिल्ला काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी डोळे मिटूनच त्यावरचा नंबर चाचपला आणि बिल्ला माझ्याकडं सरकवला.

"ह्यो तुझा हाय. हाय तिथंच ऱ्हाऊ दे."

दोन दिवसांनी मैदानावर गेलो तेव्हा डॉक्टरसाहेबांनी विचारलं, औषध लागू पडलं का? अण्णा गेले, हे मला सांगावं लागलं. ते तसेच खेळायला लागले. पहिलाच चेंडू भरकटला आणि म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात जाऊन बसला. साहेब काठी टेकून बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. मग खाली वाकले, चेंडू उचलून खिशात टाकला आणि घरी जायला निघाले. मी पिशवी घेऊन त्यांच्या मागून चालू लागलो.